रूबी उंबरा ओलांडत नाही

मिल क्रीक, आयोवा
२४ ऑगस्ट

ती. व्हर्नाआत्यास,
मॅलनचा सा. न. वि. वि.

वादळात आम्ही सारे सुखरूप राहिलो, हे धाकट्या एडनाने कळवलंच असेल. मका विंचरल्यासारखा एका अंगाला आडवा झाला आहे. इंग्लिश, म्हणजे आमिश नसलेल्या शेजाऱ्यांची धान्याची पत्र्याची कोठी उडून आमच्या लसूणघासात पडली, चेपलेल्या डब्यासारखी. त्यांच्याकडे वीज नव्हती तोवर ते पाण्याला आमच्या हातपंपावर येत. बाबा त्यांना म्हणाले, आमच्याकडे ती कधी नव्हतीच, म्हणून गेलीही नाही.

तबेल्याच्या पश्चिमेची अक्रोडाची रांग मुळासकट झोपली. तबेल्याचा पत्रासुद्धा हलला नाही, आणि तरी आमची रूबी घोडी आत जात नाही. तिच्या जोडीचा प्रिन्स ओट्सच्या वासाने धावत जातो. ही उंबऱ्याशी पाय रोवते, मान खाली घालते आणि फुरफुरते. मी पुढून ओढलं, एडनाने मागून ढकललं, आईने सफरचंद दाखवलं. घोडीने सफरचंद खाल्लं आणि तिथेच उभी राहिली.

बाबा म्हणतात, वादळात ती आत होती, छताचा आवाज तिच्या डोक्यात बसला, आता ती त्या दारातून जाणार नाही. इथला हिवाळा उघड्यावर काढता येत नाही, तेव्हा विकायची. तिची आई गेल्यावर मी तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं, हे तुला माहीत आहे. मला काही सुचत नाही.

थोरांना नमस्कार. तुझी माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझा
मॅलन

---

वॉलनट रन, ओहायो
२९ ऑगस्ट

चि. मॅलन यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून वाटलं, घोडीच्या आधी तुलाच हाताला धरून आत न्यायला हवं. जरा दम खा.

लेव्हीचं म्हणणं मला पटत नाही. तुझा बाप लहानपणापासून उत्तर आधी देतो आणि प्रश्न नंतर ऐकतो. भीतीच असेल, तर ती सकाळीही असायला हवी. सकाळी कधी नेऊन पाहिलंस का? आणि घोडीच्या तोंडाकडे बघत बसू नकोस. ती जिकडे बघते, तिकडे बघ. मी आपली कोंबड्या पाळणारी, मला घोड्यांतलं काही कळत नाही. पण आता मला चैन पडणार नाही, तेव्हा लगेच कळव.

आईला सांग, लोणच्याच्या बरण्या पोचल्या. जिवाला जप, आणि म्हातारीला विसरू नकोस.
तुझी
आत्या

---

मिल क्रीक
३ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सकाळी ती आत गेली. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, कारण सकाळी घोडी बाहेर काढायची असते, आत न्यायची नसते.

संध्याकाळी मी तिच्याशेजारी उंबऱ्यात बसलो. तिने मान जिथे खाली घातली, तिथे मीही डोकं नेलं. पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाचा पट्टा येऊन वाटेवर आडवा पडला होता. आजवर तो कधी पडला नव्हता, खिडकीपुढे अक्रोड होते ना. अलीकडे अंधार, पलीकडे अंधार आणि मध्ये हे पांढरं. क्षणभर मलाही तिथे जमीन फाटल्यासारखी वाटली. मी खिडकीवर गोणपाट ठोकलं. रूबी सरळ आत गेली आणि प्रिन्सच्या वाट्याचं खाऊ लागली.

बाबांना दाखवलं. त्यांनी गोणपाटाचा कोपरा उचलून पाहिला. मग म्हणाले, उशीर केलास. पलीकडच्या वस्तीतल्या यॉस्ट हेल्मुथशी त्यांचा सौदा हातावर हात मारून झाला आहे. त्याचे घोडे टेकडीच्या आडोशाला उघड्या छपरीत राहतात, त्यामुळे तबेल्यात न जाणारी त्याला चालते. बाबांनी खोड लपवली नाही, म्हणून स्वस्तात दिली. पुढच्या शनिवारी तो नेणार. शब्द मागे घ्या असं मी म्हणालो नाही. म्हणालो असतो तरी त्यांनी ऐकलं नसतं.

आता यॉस्टला खरं सांगू का? सांगितलं तर तो जास्तच खुशीत नेईल. गप्प राहिलो, तर कधीतरी कंटाळून आम्हाला परत देईलही. असा विचार येतो, आणि आला याचीच भीती वाटते.

उत्तर शनिवारच्या आत यावं. लोभ कमी करू नकोस.
तुझा
मॅलन

---

वॉलनट रन
८ सप्टेंबर

चि. मॅलन यास,
अ. उ. आ.

लेव्हीचा शब्द लेव्हीचा आहे, त्याला हात लावू नकोस. पण घोडी ज्याची, तिच्याबद्दलचं खरंही त्याचंच. त्याने दोर हातात घेण्याआधी सांग. हे तुला आवडणार नाही, मलाही आवडलेलं नाही. तुझ्या रूबीच्या विचारात मी आज चुलीवर अंडी विसरले, ती फुटेपर्यंत उकडली.

काय झालं ते सगळं लिही, गाळू नकोस. तुझ्यावर जीव आहे, हे निराळं लिहायला नको.
तुझी
आत्या

---

मिल क्रीक
१४ सप्टेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी दुपारी मिळालं. यॉस्ट संध्याकाळी आला, नेमका उन्हाच्या वेळी. दोर देण्याआधी मी त्याला सगळं सांगितलं, तुझ्या पत्रांसकट. आधी इतकं हळू बोललो, की दोनदा सांगावं लागलं. तो म्हणाला, दाखव. गोणपाट काढलं, रूबी थांबली. लावलं, ती आत गेली. त्याने पुन्हा करायला लावलं. मग तो स्वतः गुडघे टेकून बसला आणि त्या पट्ट्यात आपली टोपी आत-बाहेर करून बघत राहिला. मला वाटलं, आता हसून दोर मागणार.

तो उठून बाबांना म्हणाला, लेव्ही, मी बोली केली ती तबेल्यात न जाणाऱ्या घोडीची. ही ती नव्हे. बाबा म्हणाले, तीच आहे, शब्द दिलाय, घेऊन जा. तो म्हणाला, न जाणारी असेल तर दे, आत्ता नेतो. चांगली घोडी खोडीच्या भावात नेली तर मला घरात बायको घेईल का? बाबा म्हणाले, न जाणारी मी आता कुठून आणू? एकाला द्यायचीच होती आणि दुसऱ्याला घ्यायची नव्हती. शेवटी आईने दोघांना जेवायला बोलावलं, कोंबडी आणि नूडल्स वाढल्या. जेवताना कुणी घोडीचं नाव काढलं नाही. यॉस्ट उठला तेव्हा त्याने आणलेला दोर रिकामाच, वेटोळं करून त्याच्या खांद्यावर होता. बाबांनी त्याच्या बग्गीचा कंदील तेवढा लावून दिला.

बग्गीत बसल्यावर त्याने मला जवळ बोलावलं आणि विचारलं, तुझी ती आत्या ओहायोत नेमकी कुठे राहते. त्याची दोन खेचरं वसंतापासून नदीवरच्या पुलावर पाय ठेवत नाहीत. सकाळीही नाही आणि संध्याकाळीही नाही. मी तुझा पत्ता दिला आहे. रागावू नकोस.

माझा आणि रूबीचा नमस्कार. माया असू दे, आणि खेचरांचं काही सुचलं तर आधी मला कळव.
तुझा
मॅलन