पिवळी रेघ

प्रिय जोसलिन,

शर्यतीच्या त्या गाडीच्या चासीच्या चौकोनी नळ्या मी कापल्या आणि मीच जोडल्या. एकशे बारा सांधे, एकही दुसऱ्याकडून वेल्ड करून घेतलेला नाही. बाजूचे ॲल्युमिनियमचे पत्रे आईच्या जेवणाच्या टेबलाच्या कडेवर वाकवले. पुढच्या नाकाडाचा साचा तीनदा फसला, चौथ्यांदा साधला. पेट्रोलची टाकी, एक्झॉस्ट, सगळं वायरिंग, दोन्ही सीटांची शिलाई. इंजिन तेवढं भंगारातल्या एका जुन्या गाडीचं, पण त्याची प्रत्येक झडप मी हाताने घासून बसवली. वजन पाचशे अडतीस किलो. काट्यावर चढवून मोजलेलं, अंदाजाने सांगत नाही. पंधराव्या वर्षी शाळा सुटलेल्या माणसाने हे पुस्तकं उघडी ठेवून केलं. फुशारकी म्हणून लिहीत नाही. त्या गाडीतलं सगळं माझ्या हातचं होतं, हे तुझ्या मनात आधी पक्कं बसायला हवं.

आयव्हरला जाऊन आठ महिने झाले आणि त्याच्या कबरीवर तू अजून दगड बसवला नाहीस. मागच्या रविवारी मी तो विषय काढला तेव्हा तू बटाटे सोलता सोलता, मान वर न करता म्हणालीस, "त्याला माझ्यापेक्षा ते तिसरं वळण जास्त प्यारं होतं. बसू दे त्याला तिथेच." बायको नवऱ्यावर रागावते, तो राग निवतो. पण मेलेल्या माणसावरचा राग निवत नाही, कारण भांडायला समोर कोणी नसतं. तू अशीच म्हातारी होशील, हे मला त्या टेबलाशी बसून दिसलं. म्हणून आता राहवत नाही.

आमची वाटणी तुला ठाऊक आहे. टेकडी चढण्याच्या शर्यतीत गाडी तो चालवायचा, सांभाळायचो मी. प्रत्येक शर्यतीनंतर गाडी शेडमध्ये घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, चढायची, चारही चाकं उतरायची, ब्रेकचं तेल, सांध्यांचं ग्रीस, एकेक नट. आयव्हर चहाचा मग घेऊन दारात उभा राहायचा. "काय प्रोफेसर, पेशंट जगेल ना?" मी म्हणायचो, "तू हात लावला नाहीस तर जगेल." त्याने हात लावलेला मला खपायचा नाही. एकदा त्याने आरशाचा स्क्रू आवळला तर मी तो सोडवून पुन्हा आवळला. तो हसला होता. "अरे, माझ्या लग्नाची अंगठीसुद्धा तूच घट्ट करून दे."

आणि पिवळी रेघ. नट जोर मोजणाऱ्या पान्याने आवळायचा, पाना 'कट्' म्हणाला की नटापासून खालच्या पट्टीपर्यंत पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढायची. नट सैल होऊन फिरला तर रेघ तुटलेली दिसते. रेघ सरळ म्हणजे मेल्विनने, मी स्वतः, आवळलंय. क्लबातले लोक नव्या पोरांना आमच्या गाडीपाशी आणून ती रेघ दाखवायचे. मला ते आवडायचं. फार आवडायचं.

पुढच्या चाकांना धरणाऱ्या त्रिकोणी दांड्यांचे रबर मी त्याच्या शेवटच्या शर्यतीच्या आठवड्यात बदलले. हे रबराचे सांधे गाडी घोड्यांवर असताना आवळायचे नसतात. चाकं लटकलेली असतात, रबर पिळलं जातं आणि महिन्याभरात फाटतं. बोल्ट घालायचे, नट हाताने दोन आटे फिरवून ठेवायचे, गाडी जमिनीवर उतरवायची, वजन चाकांवर आलं की मग आवळायचं. रेघ त्याच्याही नंतर. ही गोष्ट मी स्वतः शंभर जणांना शिकवली आहे.

त्या शुक्रवारी चार वाजता क्लबातले दोघे जण येणार होते, नाकाडाचा पत्रा एकही पोचा न पडता कसा वाकवला ते बघायला. गाडी घोड्यांवर उंच असताना खालचं सगळं नीट दिसतं. उतरवली की ब्रशही आत जात नाही, मान वाकडी करून ओढलेली रेघ वेडीवाकडी येते. पाहुण्यांना सगळं साफ दिसावं म्हणून मी रेघा आधीच ओढल्या. चारही सांध्यांवर, हाताने फिरवलेल्या नटांवर. ते आले. एक जण म्हणाला, "मेल, हे काम आहे की देव्हारा?" मी तासभर बोलत राहिलो. ते गेल्यावर गाडी उतरवली, उजवी बाजू आवळली, नटांबरोबर तुटलेल्या तिथल्या रेघा पुसून, मान वाकडी करून पुन्हा ओढल्या. मग त्यांच्यातला एक हातमोजे विसरला म्हणून परत आला आणि पुन्हा पत्र्याचं काढून बसला. तो गेल्यावर मी डाव्या बाजूला वाकलो, बॅटरीचा उजेड धरला, रेघा सरळ दिसल्या. आवळून झालंय, असं समजून मी पाना पेटीत ठेवला.

शनिवारी सकाळी गाडी शर्यतीला ट्रेलरवरून नेली, त्यामुळे वाटेत नट फिरून रेघ तुटायला वेळच मिळाला नाही. सुरुवातीच्या ओळीत आयव्हर दव पडलेल्या गवतावर आडवा झाला, खाली बघून उठला आणि म्हणाला, "प्रोफेसर, चारही रेघा जागेवर." म्हणजे त्याने तपासलं होतं, जोसलिन. तू म्हणतेस तसा तो बेफिकीर नव्हता. त्याने बघितलं आणि माझ्यावर विश्वास ठेवला. तिसऱ्या वळणावर डावं चाक आत दुमडलं.

पुढचं लिहायला जड जातंय. दफनानंतर चर्चच्या हॉलमध्ये लोक सँडविचच्या बशा घेऊन उभे होते. कोणीतरी विचारलं, नेमकं झालं तरी काय? मी म्हणालो, "वळण जरा जास्तच जोरात घेतलं त्याने." तू माझ्या मागे उभी होतीस. ते वाक्य तू माझ्याकडून घेतलंस. चौकशीत हीच माझी साक्ष झाली, कागदावर 'चालकाचा वेग' असं लिहिलं गेलं. त्या वेळी मला खरंच तसं वाटत होतं, एवढंच माझ्या बाजूने. नवव्या दिवशी मी तिसऱ्या वळणाच्या खालचं गवत हाताने चाळलं तेव्हा तो बोल्ट सापडला. तुटलेला नव्हता. आटे नव्यासारखे कोरे, एकही ओरखडा नाही. धडकेत मोडलेला बोल्ट असा नसतो. नट पाच पावलांवर पडला होता, त्याच्या एका कडेवर अर्धी पिवळी रेघ. मी दोन्ही खिशात घातले, घरी आलो आणि आठ महिने गप्प बसलो. भीती तुरुंगाची नव्हती. मेल्विनच्या हातून राहिलं, असं लोक म्हणतील याची होती. यापेक्षा बरं कारण मला सापडलं तर सांगेन, पण नाही सापडत.

सोमवारी हे सगळं मी चौकशी अधिकाऱ्यांपुढे ठेवणार आहे, बोल्ट आणि नटासकट. त्यांच्याआधी तुला कळावं म्हणून हे पत्र. त्यांना गाडीही लागेल: डाव्या पट्टीवर रेघेचा उरलेला अर्धा भाग आहे आणि बोल्टचं भोक जराही ओढलं गेलेलं नाही, म्हणजे बोल्ट धडकेने उपटला नाही, आधीच निसटला. आयव्हरची चूक नव्हती हे सांगणारं तेवढंच उरलंय. काल स्टॅफर्डहून एक माणूस मोडकी गाडी बघायला आला होता. चासी सरळ करून, पुढच्या पट्ट्या कापून नव्या लावून, त्याच कागदांवर तो ती पुन्हा रस्त्यावर आणणार होता. "असं वेल्डिंग मी उभ्या जन्मात पाहिलं नाही," म्हणाला. ट्रेलर सोबतच आणला होता आणि पैसे रोख. मी नाही म्हटलं. साडेनऊ हजार पौंड देत होता.

तुझाच,
मेल्विन