पंजाबरावांचा फोटो

तेल्हारा, १९६४

पंजाबराव,

तुमी अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात नोकरीले गेल्यापासून आपल्या औषधाच्या दुकानात एकही कंपाउंडर टिकला नाही. अमरावतीहून एक आला, तो स्टँडवर चहा पिऊन त्याच एसटीनं परत गेला. गिऱ्हाईक रोज विचारे, "पंजाबराव कधी येतेत?" म्हणून तुमचा फोटो काउंटरच्या मांगं टांगला. वाटलं, लोकायचा भरवसा तरी राहील.

काल फुलं विकणाऱ्या पार्बताबाईनं फोटोले झेंडूचा हार घातला अन् पदरानं डोये पुसले. म्हणे, "गरिबाचा माणूस होता." तुमी जिते हाये हे सांगाचं सोडून मी तिची औषधाची पुडी बांधली. आज कोणीच विचारलं नाही.

आता दुकान बंद करून राहिलो. फोटो उतरवला, पण हार काढवला नाही.

हे पत्र जित्या माणसाले कसं धाडू?

तुमच्याच दुकानातला,
पुंजाजी