बिबड्यांच्या लुगड्यावरचा दगड

४ एप्रिल
सावद्याहून जळगावला लेकाकडे आले. पितांबरचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, वर गच्ची. भिंतीपलीकडे जुना दर्गा अन् कबरस्तान. रस्त्यावर रिक्षांची बोंबाबोंब, कबरस्तानात चिटपाखरू नाही. सून मोहिनी म्हणे, दुपारी तिथे जाऊन बसा, शांत वाटतं. बया स्वतः दिवसभर मोबाईलवर बडबडणार, अन् मी मढ्यांत बसायचं! गच्ची मात्र झकास. जुनं लुगडं पसरून बिबड्या, आपले ज्वारीचे पापड, वाळत घालीन.

६ एप्रिल
नातीला, नूतनला, घेऊन दर्ग्याकडे गेले. सहा वर्षांची, जीभ माझ्यावर गेलेली. दर्ग्याच्या दारात मोरपिसांची झाडणी डोक्यावर फिरवून घ्यायला रांग. झाडलोटवाली मुनिराबी बजावून गेली, इथला खडासुद्धा नेऊ नका. मी म्हटलं, नेण्यासारखं शे काय इथे? निघताना कोपऱ्यातल्या इवल्या कबरीच्या उशाचा चपटा दगड पिशवीत टाकला. वाऱ्यानं बिबड्यांचं लुगडं उडतं, दगड लागतोच. मेलेल्याला काय कामाचा?

७ एप्रिल
ओल्या बिबड्या मधोमध दबलेल्या. लेकरू निजावं तसा खड्डा. मांजर असेल, शहरातलं ऐतखाऊ. नूतन म्हणे मांजर नाही, मुलगी आहे, तिची उशी आपण आणली. हे मोबाईलचे गुण.

९ एप्रिल
नूतन भरदुपारी लुगड्यावर सापडली, दगडावर डोकं ठेवून. अंग गार. एवढ्या उन्हात गार! डॉक्टर म्हणे ऊन लागलं. शिकलेलं गाढव.

१० एप्रिल
नूतन बोलेना. उलटून उत्तरही देईना. दगड परत न्यायला गेले. कोपऱ्यातल्या बठ्ठ्या, एकूण एक इवल्या कबरींना उशाला दगड. एकही जागा रिकामी नाही. मी दगड दाखवला तशी मुनिराबी माझ्याकडे न बघता म्हणाली, मग ती पोर तिथे नाहीच आता, तुमच्याकडे आली.
मूर्ख बाई. पण दगड तिथे टाकवेना, पिशवीतून परत आणला.

११ एप्रिल
पोरगी लाकडासारखी पडून. दगडाला पोटभर शिव्या दिल्या. मग हात जोडले — मी, या वयात. म्हटलं, उशीच पाहिजे ना तुले, माझी मांडी घे. लेकराला सोड.

१२ एप्रिल, दुपार
नूतन उठली. खाली वरणभात मागतेय, आईला बावळट म्हणाली. माझीच नात.
मी गच्चीवर. मांडीवर डोकं आहे. दिसत नाही — जड, फार जड — पाय गेले, कंबर —
जिन्यात पावलं. नूतन आजी आजी करत —
मांडीवरचं डोकं जिन्याकडे वळलं.
मोहिनी, धर तिला. ओरडता येईना — अगं धर, वर नको पाठ —