लुसुंगूला विचारा

काविया, नखाता बे
११ जून

प्रिय रोडा,

तुला आणि तुझ्या खोलीतल्या बाकीच्या मुलींना प्रभूच्या नावात सलाम. आम्ही इकडे बरे आहोत, म्हणजे अंथरुणाला कोणी खिळलेलं नाही. आईचा गुडघा थंडीने धरलाय. तू पाठवलेलं जाड ब्लँकेट ती दिवसाही पांघरून बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, हे माझ्या रोडाने पाठवलंय. म्वेरा वारा सुटलाय, त्यामुळे होड्या किनाऱ्यावर पालथ्या पडल्यात. उसिपा मासळी मिळत नाही, आणि मिळाली तरी वाळत नाही, वाळत घातली की वारा वाळू आणून टाकतो. कसावा मात्र छान आलाय. मागच्या अंगणातलं पपईचं झाड पडलं. कोणाच्या अंगावर पडलं नाही, हेच नशीब.

हे पत्र न्यामांडाच्या हाती देतेय, ती नवऱ्याकडे जोहान्सबर्गला निघालीय. तू माझा फोन घेत नाहीस म्हणून पत्र. आणि घेतला असतास तरी हे मी फोनवर बोलले नसते, कारण त्या एका खोलीत तुम्ही चौघी राहता आणि तुझा फोन कायम स्पीकरवर असतो. हे एकटीने वाच. तुझ्या मालकिणीची मुलं शाळेत गेली की घर रिकामं होतं असं तू म्हणायचीस. तेव्हा वाच.

मागे बोललो तेव्हा तू म्हणालीस, "दादाला कोठडीत घालून तुला काय मिळालं, ताई? आता त्याच्या जागी तू गाणार आहेस का?" आणि मी तोंड उघडायच्या आत फोन ठेवलास. त्याचा मला राग नाही. तुला जेवढं सांगितलं गेलं, त्यावरून तू बोललीस.

नेलीवहिनीने तुला जे सांगितलं त्यातलं एक खरं आहे. पोलिसांकडे मीच गेले. मला कोणी भरीला घातलं नाही. पण मी आपल्या भावावर जळत होते असं जे गावात बोलतात, ते खोटं आहे हे तुला माझ्यापेक्षा कोण जास्त जाणतं? लामेक लहानपणी गायला लागला की आपण दोघी जाळं ओढायचं विसरायचो आणि बाबांच्या शिव्या खायचो. देवळाच्या मंडळीने त्याला क्वायर दिला, तरुण संघ दिला, तेव्हा मी नवीन चितेंजे नेसून पहिल्या बाकावर बसले होते.

झालं ते असं. नाताळानंतर क्वायरमधली एक मुलगी माझ्याकडे आली. तिला आता गायचं नव्हतं, संडेस्कूलच्या लहान वर्गावर मदतीला यायचं होतं. मला माणूस हवंच होतं, मी घेतलं. पोरगी कामाला चांगली. पण तिच्या काही गोष्टी मला उमजेनात. वेदीमागच्या खोलीतून ढोल आणायचा असला की ती एकट्या पोराला जाऊ द्यायची नाही. दोघातिघांना मिळून पाठवायची, नाहीतर स्वतः जायची. एखादं पोर लघवीला गेलं की ते परत येईपर्यंत ही दारात उभी. मी एकदा हसून म्हटलंही, अगं, ही काय कोंबडीची पिल्लं आहेत का? ती हसली नाही.

मग एका रविवारी लामेक आमच्या वर्गात आला. आपल्या शेजारची छोटी मर्सी आठवते ना, खूप बडबडी? तिला म्हणाला, चल, तुझा आवाज बघू, क्वायरमध्ये घेतो तुला. मर्सी उड्या मारत निघाली. त्या मुलीने तिचा हात धरला. लामेक हसायला लागला, म्हणाला, अगं, खाणार आहे का मी तिला? ती हात सोडेना. मर्सी रडायला लागली तरी सोडेना. शेवटी तोच निघून गेला, आणि जाताना त्याने त्या मुलीकडे पाहिलं. रोडा, मी त्याला पाठुंगळीला बांधून फिरवलाय. तशी नजर मी त्याची कधी पाहिली नव्हती.

वर्ग सुटल्यावर मी तिला चटया गुंडाळायला थांबवलं. मर्सीला का जाऊ दिलं नाहीस, एवढंच विचारलं. ती चटई गुंडाळत राहिली. गुंडाळलेली सोडून पुन्हा गुंडाळली. मग बोलली.

ती काय बोलली ते मी इथे लिहिणार नाही. ते तिचं आहे. एकदा तिने मला सांगितलं, एकदा ठाण्यातल्या सार्जंट चावुलाबाईंना, आणि कोर्टात पडद्याआड बसून तिला ते पुन्हा सांगावं लागणार आहे. आणखी कुठल्या कागदावर ते नको. एवढं मात्र सांगते की शंकेला जागा नाही. तालीम संपली की "तू थांब, तुझा सूर चुकतोय" असं म्हणून तो थांबवायचा. आणि हे नुसतं देवळातच नव्हतं.

मी आधी वडीलजनांकडेच गेले, पोलिसांकडे नाही. हे नेलीने तुला सांगितलं नसणार. पाळकसाहेबांच्या बैठकीच्या खोलीत सगळे जमले होते, चहा आला, प्रार्थना झाली. मी सांगितलं. कोणी माझ्याकडे बघेना. मग एकेक जण बोलायला लागला. लामेकमुळे तरुण पोरं दारूपासून लांब राहिली. सिनोडच्या संमेलनाला आपला क्वायर जायचाय. त्याला सहा महिने गाण्यापासून दूर ठेवू, तो गुडघे टेकून क्षमा मागेल, मुलीच्या घरी एक बकरी पाठवू, आणि विषय मंडळीतच मिटवू. पण आधी मुलगी कोण ते कळू दे, तिला इथे समोर बोलावू, म्हणजे खरंखोटं होईल.

मी म्हटलं, "एवढ्या सगळ्या पुरुषांपुढे मी तिला उभी करणार नाही."

पाळकसाहेब म्हणाले, "एडिना, तो तुझा सख्खा भाऊ आहे ना?"

"म्हणून तर मी आले. दुसरी कोणी आली असती तर तुम्ही म्हणाला असता, तिला लामेकच्या घराचं बरं बघवत नाही."

त्यांनी मला घरी जाऊन प्रार्थना करायला सांगितलं. मी घरी गेले, प्रार्थना केली, आणि सकाळी मिनीबसने नखाता बेच्या ठाण्यात गेले. मुलगी माझ्याबरोबर होती. वाटेत तिला उलटी झाली. चावुलाबाईंनी मला बाहेर बसवलं आणि तिला आत नेलं, तिच्या हातात फँटाची बाटली दिली. बाहेर आली तेव्हा बाटली तशीच भरलेली होती.

लामेकला उचलून नेलं तो दिवस तुला सगळ्यांनी सांगितलाच असेल. माझ्या दारावर शेण फासलं हे कदाचित सांगितलं नसेल. संडेस्कूल माझ्याकडून काढून घेतलं. बाजारात मासे माझ्याकडून कोणी घेत नाही. आई माझ्याच घरात राहते, माझ्या हातचं खाते, पण माझ्याशी बोलत नाही. काही हवं असलं तर भिंतीला सांगते. रोज ती लामेकला डबा पाठवते. त्यातले मासे मी तळून देते, तिला ठाऊक आहे, पण ती तसं म्हणत नाही आणि मीही म्हणत नाही. तो माझा भाऊ नाही असं मी कोणालाही सांगितलेलं नाही.

गावात सगळे मुलगी कोण ते शोधत होते. क्वायरमधल्या मुली एकमेकींकडे संशयाने बघायला लागल्या. अर्नेस्ट काकांनी तर आपल्या मुलीला मारलं, तूच ती असशील म्हणून. ती बिचारी रडत सांगत होती, मी नाही, मी नाही. लामेकला ठाऊक होतं कोण ते. एका शब्दाने त्याने त्या पोरीचा मार वाचवला असता. तो गप्प बसला. त्याने नाव घेतलं असतं तर गावाने त्याच्या बाजूने बोलणं बंद केलं असतं, हे त्याला बरोबर कळत होतं.

आता त्या रविवारचं.

तू पाळकसाहेबांना व्हॉइस मेसेज पाठवलास. तू तो त्यांच्यासाठी पाठवला असशील, पण त्यांनी उपासनेत फोन माइकला लावून सगळ्यांना ऐकवला. देऊळ भरलेलं होतं. तुझा आवाज इतका स्वच्छ आला की आईने वर पाहिलं, जणू तू आढ्यावर बसली आहेस. तू म्हणालीस, लामेकदादाने माझ्या मुलीला पोटच्या पोरीसारखं सांभाळलंय. मी इथे परक्यांची लेकरं वाढवते ती त्याच्या भरवशावर. ज्या मुलीने हे कुभांड रचलं, तिला तिच्या आईने लाज शिकवलेली नाही. आणि दादा कसा माणूस आहे हे कोणाला जाणून घ्यायचं असेल, तर माझ्या लुसुंगूला विचारा.

रोडा, त्यांनी विचारलं.

पाळकसाहेबांनी फोन खाली ठेवला आणि म्हणाले, "लुसुंगू, बाळा, उभी राहा. आई काय म्हणाली ऐकलंस ना? सांग सगळ्यांना."

ती लहान मुलांच्या चटईवर बसली होती. उभी राहिली. सगळं देऊळ तिच्याकडे वळलं. नेलीने मान खाली घातली, हे मी पाहिलं. लुसुंगू तशीच उभी. मग वाकून तिने सगळ्यात छोट्या पोराला कडेवर घेतलं, मर्सीचा हात धरला आणि मधल्या वाटेने दाराकडे चालू लागली. बाकीच्या पोरांना वाटलं वर्गाची वेळ झाली. ती सगळी उठून तिच्यामागे रांगेने निघाली. कोणी अडवलं नाही. पाळकसाहेब हसून म्हणाले, लाजली पोर. लोकही हसले.

मी मागोमाग गेले. ती हापशावर एकेका पोराचे हात धूत होती. हात स्वच्छच होते, तरी धूत होती.

तुला आता कळलंच असेल. तरी मी लिहायला हवं. ती मुलगी लुसुंगू आहे. शाळा जवळ पडते म्हणून आपण तिला लामेकच्या घरी ठेवलं. आजीचं बघायला ती माझ्याकडे राहायला आली असं मी तुला कळवलं, ते खरं नव्हतं. ठाण्यातून परतल्यावर मी तिला त्या घरी जाऊ दिलं नाही, एवढंच. तुला तेव्हाच सांगायचं होतं, पण तिने मला शपथ घातली होती. तुला कळलं तर तू काम सोडून येशील, मग आजीच्या औषधाचं काय, शाळेचं काय, असं ती म्हणायची. दुसरी भीती ती बोलून दाखवायची नाही, पण मला दिसत होती.

हापशावर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मोठी आई, आईने मला विचारायला सांगितलं ना?"

"हो."

"मग उत्तर मी आईलाच देणार. ह्यांना नाही. तू लिही."

"काय लिहू?"

"लिही की मला विचारलं. लिही की ती मुलगी मीच आहे." पुढच्या पोराचे हात तिने पाण्याखाली धरले. "आणि आईने मला लाज शिकवली होती. म्हणून तर इतके दिवस बोलले नाही."

मी तिचे शब्द बदललेले नाहीत. बदलावेसे वाटले, कारण तू माझी धाकटी बहीण आहेस आणि हे वाचून तुझं काय होईल ते मला इथून दिसतंय. पण ते शब्द तुझ्यासाठी होते.

तुला दोष देत नाही. तुला माहीत नव्हतं, आणि लामेकवर तुझा जीव आहे. माझाही होता. अजून किती आहे ते मी स्वतःला विचारत नाही.

आता काही गोष्टी नीट ऐक. पाळकसाहेबांना दुसरा मेसेज पाठवू नकोस. नेलीला काही बोलू नकोस. लुसुंगूचं नाव गावाला कळता कामा नये, चावुलाबाईंनी बजावून सांगितलंय. पुढच्या महिन्यात कोर्टाची तारीख आहे. लामेकने वकील केलाय, क्वायरमधली पोरं त्याच्या बाजूने साक्ष देणार आहेत, त्यामुळे काय होईल ते मी सांगू शकत नाही. तो सुटूही शकतो. सुटला तर आम्हा दोघींना ह्या गावात राहता येणार नाही, आणि आईला घेऊन कुठे जायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

लुसुंगू खाते, शाळेत जाते. झोपताना दाराला पाट लावते. रविवारी ती देवळात जात नाही, पण मर्सी आणि आणखी दोनचार पोरं आमच्याच अंगणात येऊन बसतात, आणि ती त्यांना गोष्टी सांगते. गाणं मात्र घेत नाही.

तिला फोन कर. माझ्याच फोनवर, दुपारी ती शाळेतून आल्यावर. सुरुवातीला काय बोलायचं ते तुला सुचणार नाही. सुचलं नाही तर नुसती रड, चालेल. पण "खरं का?" असं विचारू नकोस. ते तिला आजवर सगळ्यांनी विचारून झालंय.

आणि सुटी मिळाली तर तारखेच्या आधी ये. मालकीण सुटी देणार नसेल तरी ये.

पत्राच्या खाली तिनेही काहीतरी लिहावं म्हणून मी पेन तिच्या हातात दिलं होतं. बराच वेळ धरून बसली. मग परत देऊन म्हणाली, आई आली तर बोलेन, नाही आली तर लिहून काय करू?

न्यामांडाची बस निघायची वेळ झाली. थांबते.

तुझी थोरली बहीण, आणि तू येईपर्यंत तुझ्या लेकीची आई,
एडिना