दोनशे चौदाचे दोन बिल्ले

६ ऑक्टोबर, पासाउ

आले बाई एकदाची. हॉलंडमधल्या आमच्या ग्रोनिंगनहून अख्खा दिवस बसमध्ये बसून पायांचे खांब झालेत, पण बोट बघितली आणि हसूच आलं. खोली दोनशे चौदा, गेल्या वर्षीचीच, मुद्दाम मागून घेतली. डॅन्यूब निळी म्हणतात लोक. मला तर ती दरवेळी बिस्कीट बुडवलेल्या कॉफीसारखी दिसते.

टेबलावर रूलोफ नावाचे निवृत्त मास्तर आलेत वाट्याला. काटा पुसून, उजेडात धरून मग जेवतात. मी सांगितलं, मी गावच्या शाळेपुरती शिकलेली, पुढचं गाईंनी शिकवलं. त्यांनी खरंच विचारलं, गाईंनी काय शिकवलं? म्हटलं, कुणी बोलत असलं की शांतपणे चावत राहायचं. मग जेवण फार शांततेत झालं.

काउंटरवरच्या इलोनानं मला दोन बिल्ले दिले. यादी गेल्या वर्षीचीच उतरवलेली, त्यात माझ्या नवऱ्याचं, वुबोचं, नाव तसंच. इथली पद्धत अशी, की उतरताना फळीवरचा आपला बिल्ला काढून न्यायचा, परत आलं की खिळ्याला अडकवायचा. सगळे खिळे भरले की बोट सुटते. माणसं कुणी मोजत नाही.

तो फेब्रुवारीत वारला, एवढंच तिला सांगायचं होतं. तोंड उघडलं आणि म्हणाले, दमून झोपलेत.

७ ऑक्टोबर, लिंझ

बसनं डोंगरातल्या गावात नेलं. सगळा दगडी चढ. दोन्ही बिल्ले पर्समध्ये नेले, दोन्ही आणून अडकवले. वुबो इतका फिरला आणि एकदाही कुरकुरला नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. इलोना म्हणाली, तुमचे मिस्टर लाजाळू दिसतात. म्हटलं, सेहेचाळीस वर्षांत मलाही नीट दिसले नाहीत. खूप हसली पोरगी.

दमले. एकटीनं दोघांची सहल करायची म्हणजे सोपं नाही.

९ ऑक्टोबर, व्हिएन्ना

आज राजवाडा होता. वुबोचा बिल्ला फळीवरच ठेवला, म्हटलं तू पड जरा. चार वाजता परत आले तर त्याचा खिळा रिकामा. इलोना म्हणाली, मिस्टर तुमच्या मागोमागच उतरले की. तपकिरी कोट, हळू चालतात.

मी जिन्यापाशी बसून राहिले. पंधरा मिनिटांनी बघते तर बिल्ला जागेवर. हातात घेतला, चिकट होता. पेपरमिंटचा वास. चर्चमध्ये प्रवचन सुरू झालं की वुबो एक स्वतःच्या तोंडात टाकायचा, एक माझ्या हातावर ठेवायचा.

मास्तरांचीच खोडी असणार.

११ ऑक्टोबर, बुडापेस्ट

मास्तरांना बिल्ल्याच्या खोडीबद्दल विचारलं. त्यांनी काटा खाली ठेवला आणि म्हणाले, "बाई, यजमानांना इतकं पळवू नका. वरच्या डेकवर बसले होते, धाप लागलेली. पाणी देऊ केलं तर म्हणाले, नको, बायको येईलच आता."

मला काही चावताही येईना.

१२ ऑक्टोबर

लिहूनच टाकते. गेल्या वर्षी मेल्कला मठ बघून सगळे परत आले, वुबो मागे राहिला. नेहमीसारखाच. लोक घड्याळं बघत कुरकुरत होते, मला लाज वाटली. त्याच्या हातातला बिल्ला मीच आधी घेतला होता, गंमत म्हणून. तो खिळ्याला अडकवला. म्हटलं, दोर सोडताना दिसले की पाय उचलेल. तेवढ्यात कॉफी आली, गप्पा निघाल्या, आणि बोट सुटली. खिडकीतून दिसला. काठाकाठानं धावत होता. मी कप उचलून हात हलवला. हसत होते मी.

तो उंच पोपलरच्या झाडापर्यंत पोचला आणि वाकला. टॅक्सीनं पुढच्या थांब्यावर आणला, तर चेहरा राखेसारखा. कप्तान रागावला. वुबो म्हणाला, माझंच चुकलं, बिल्ला मीच लावला असेन.

मला एक शब्द बोलला नाही. छाती तेव्हापासूनच धरायला लागला होता.

१३ ऑक्टोबर

बोट परत वर निघालीय. दुसऱ्या उशीला खळगा पडलाय. मी झोपले नाही, नुसती पडून होते. उद्या मेल्क. मी उतरणार नाही.

१४ ऑक्टोबर, मेल्क

उतरले नाही. माझा बिल्ला सकाळपासून माझ्या मुठीत. त्याचा खिळा रिकामा. सगळे परत आले, भोंगा दोनदा झाला. लोक घड्याळं बघतायत. इलोना म्हणते, तुम्हीच बघून या, तुमचं ऐकतील.

तो मेलाय, सोडा बोट, एवढंच म्हणायचं. नाही म्हणवत. आणि खरं तर— माफी मागायचीय. बिल्ला कोटाच्या खिशात टाकलाय. वही घेऊन जाते.

धक्क्यावर

बाकावर कुणी नाही. हाक मारली. थकले.

खिशात बिल्ला नाही. एक पेपरमिंट आहे. माझ्या वाट्याचा.

दोर सोडले—

दोनशे चौदाच्या खिडकीत तपकिरी कोट. हातात कप. हसतोय. हात हलवतोय, अगदी तसाच, मी जसा—

ओरडले. कुणी बघत नाही. खिळे भरलेत ना सगळे—

धावले. पोपलरपर्यंतच आले. पुढे पाय—

वुबो, छातीत— इतकं लांब होतं का रे हे— मला खिडकीतून वाटलं होतं, चार पावलंच—