खिंडीतली पाणपोई

प्रिय विनू,

तू गेल्यापासून वर्षभर इकबालभाईंच्या सायबर कॅफेची पायरी मी चढले नव्हते. आज डी.एड.च्या फॉर्मसाठी जव्हारला आले म्हणून चढावी लागली. तिथे जे पाहिलं ते तुला सांगितल्याशिवाय राहवेना. मला असलं लिहायची सवय नाही, तुला ठाऊकच आहे.

तुझी पाणपोई उभी आहे, विनू!

सुट्टी लागली की तू सूर्यमाळहून जीप पकडून इथे यायचास आणि जगभरच्या लोकांबरोबर तो खेळ खेळायचास. बाकीच्यांनी त्यात किल्ले आणि महाल बांधले. तू डोंगरातल्या खिंडीत एक खोली बांधून आत हंडे ठेवलेस. मी किती बोलले होते! "इथे आई उन्हाळ्यात डोंगर उतरून पाणी आणते, आणि तू तिकडे खोट्या लोकांना पाणी पाजतोस?"

तू हसलास. "बाय, लोक खोटे नाहीत गं. पाणी तेवढं खोटं आहे."

तेव्हा एकदा तरी तुझ्या शेजारी बसून ती खोली का पाहिली नाही मी?

तुझ्या दहाव्याला इकबालभाई आले होते. खेळाचा नियम त्यांनीच सांगितला. मालकाने, किंवा मालकाने ज्याला हक्क दिला त्याने, महिन्यातून एकदा तरी दार उघडायला हवं. नाही उघडलं तर बांधकाम कोसळतं आणि जागा मोकळी होते. तुझा पासवर्ड तर कुणालाच माहीत नव्हता. आता तेही जाणार, असं मला वाटलं. ते बघायची हिंमत नव्हती, रे.

आज मी विचारलं, "निदान ती जागा तरी दाखवाल का?" त्यांनी माझ्या नावाने नवा खेळाडू केला आणि त्याला खिंडीकडे चालवत नेलं. वाटेत सगळी मोकळी मैदानं. "इथे मोठमोठे महाल होते, ताई," ते म्हणाले. मालक कंटाळून निघून गेले आणि महाल पडले.

वळणापुढे तुझी खोली दिसली. दार, भिंती, हंडे, सगळं जागच्या जागी! माझा हात तोंडावर गेला.

आत एक माणूस हंडा भरत होता. त्याने इंग्रजीत काहीतरी लिहिलं. इकबालभाईंनी वाचून सांगितलं, "नवीन दिसतेस. थांब, तुझं नाव घालतो, मग तूही दार उघडू शकशील."

"ही कुणाची आहे, विचारा."

उत्तर आलं, "माहीत नाही. माझं नाव माझ्या आधीच्याने घातलं."

इकबालभाईंनी कपाळावर हात मारला. "या अल्लाह! विन्याने हक्क द्यायचा हक्कसुद्धा वाटून टाकला होता! मी चिडवायचो त्याला, विन्या, खोली बांधलीस का एसटी स्टँड? हंडेही चोरीला गेले होते एकदा. तरी म्हणायचा, आमच्या पाड्यावर कुणाच्या दाराला कुलूप पाहिलंत?"

या वेडेपणाबद्दल मी तुला रागावलेच असते. त्या वेडेपणानेच ती वाचली!

मी लिहायला सांगितलं, "माझ्या भावाने बांधली. तो आता नाही." मग त्याने विचारलं, "नाव काय त्याचं?" मी एकेक अक्षर सांगितलं. आता दारावर पाटी आहे, विनूची पाणपोई. कुठल्या देशातला कोण तो, पण तुझं नाव अगदी बरोबर लिहिलं त्याने.

मग दार मी स्वतः उघडलं. माऊस धरायला अजून नीट जमत नाही. तीनदा चुकले, चौथ्यांदा उघडलं.

इकबालभाई म्हणतात, एक दिवस तो खेळच बंद होईल. होऊ दे. तोवर दर बाजाराच्या दिवशी मी येईन, दार उघडीन आणि आत जो भेटेल त्याचं नाव घालीन. उघडणारं कुणी नव्हतं म्हणून तुझी पाणपोई पडली, असं मी कधीच होऊ देणार नाही.

तुझी,
बाय