पाचवीतल्या मुलींच्या सात म्हाताऱ्या आया

तलासच्या सादात विहीणबाईंना अत-बाशीहून बुरुलकानचा सलाम. तुमच्या दोन्ही गुडघ्यांनाही वेगवेगळा सलाम, कारण गेल्या खेपेला मी एकाचीच चौकशी केली तर दुसरा रुसला, असं तुम्हीच म्हणाला होतात. राजमा वाळवून झाला का? तांबडी गाय व्याली का? तुमच्या थोरल्या लेकाची ऐतुर्गान यंदा पाचवीत गेली ना? (हे आपलं सहज विचारलं.)

इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे आता ठीक आहे.

झालं असं, की आपली बेगायम शाळेतून एक कागद घेऊन आली. अकरा वर्षांच्या मुलींना लस टोचायची आहे, आईने संमतीची सही करावी. आता आपली किर्गिझांची रीत तुम्हाला मी काय सांगू? पहिलं नातवंड आजीचं. चाळिसाव्या दिवशी तुमच्या लेकीने, म्हणजे माझ्या सुनेने गुलझिनाने, पोर माझ्या मांडीवर ठेवली आणि वर्षभराने नवऱ्यापाठोपाठ मॉस्कोला शिवणकामाला गेली. तेव्हापासून पोर मला आई म्हणते आणि जन्म देणारीला वहिनी. (तुम्हाला नुसती 'तलासची आजी' म्हणते याचं तुम्हाला वाईट वाटतं, ठाऊक आहे मला. असो.) तर कागदावर 'आई' हा शब्द दिसला आणि माझी मान ताठ झाली. लस कशाची ते वाचलंच नाही. रेघेवर झोकात 'बुरुलकान' लिहिलं, जन्मसाल एकसष्ट, आणि कागद पाठवून दिला.

टोचायच्या दिवशी शाळेतून बोलावणं आलं. जाऊन बघते तर बाकावर माझ्यासारख्याच आणखी सहाजणी, सगळ्या डोक्याला रुमाल बांधलेल्या, त्यातल्या तिघी काठी टेकत आलेल्या. नर्स जिबेक कपाळाला हात लावून बसली होती. "अहो, या वर्गातल्या सात आयांचं सरासरी वय चौसष्ट निघतंय! हे कागद वर पाठवले तर मुली राहतील बाजूला, आधी तुम्हालाच बघायला डॉक्टर येतील." मी म्हटलं, "ए पोरी, हिचे दात येत होते तेव्हा जागलं कोण? गोवर कोणी काढला?" तर म्हणते, "तुम्हीच, आजी. पण कायद्याने आई मॉस्कोत आहे. तिच्या हातची चिठ्ठी फोनवर येऊ दे, लगेच टोचते. चार वाजता मात्र मी लसींची थंड पेटी उचलून पुढच्या गावाला निघणार."

एरवी मी कागद तिच्या पुढ्यात आपटून घरी आले असते. पण जाता जाता विचारलं, लस आहे तरी कशाची? ती म्हणाली, गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची, तो पुढे होऊ नये म्हणून.

विहीणबाई, माझी थोरली बहीण कुलुइपा त्यानेच गेली. चव्वेचाळीस वर्षांची होती. आम्ही म्हणत होतो थंडी बाधली, आणि तिला लोकरीत गुंडाळून ठेवत होतो. खऱ्या दुखण्याचं नाव कोणी तोंडातून काढलं नाही, तिने स्वतःसुद्धा नाही. (आणि 'लस घेतली की पोरी वांझ होतात' हा तुमच्या आवाजातला मेसेज? खोटं कशाला बोलू, तो मी चाळीसजणींना पाठवला होता.)

मग काय, आमची सातजणींची वरात निघाली. फोन लागतो तो फक्त कबरस्तानामागच्या टेकडीवर. सात म्हाताऱ्या, तीन काठ्या, समोरून वारा. वर पोहोचेपर्यंत तीन वाजले. मागे शिलाई मशीन खडखडत होती, आणि गुलझिना म्हणाली, "थांबा हं, आई. माझ्या आईला विचारून सांगते." म्हणजे तुम्हाला! बारा वर्षांत सुनेपुढे मी हात जोडले नव्हते, त्या दिवशी जोडले. (फोन कानाला होता म्हणून एकच.) तिला कुलुइपाची सगळी हकीकत सांगितली. मशीन थांबली. मग ती म्हणाली, "टोचून घ्या. पण त्या रेघेवर माझं नाव लिहा." बाहीच्या नमुन्याच्या कागदावर चिठ्ठी लिहून तिने फोटो पाठवला.

चाराला दहा मिनिटं कमी असताना मी माझं नाव खोडलं. खोडलेल्या जागी दुसरं नाव मावेना. बेगायम म्हणाली, "दे आई, मी बारीक लिहिते," आणि तिने जिभेचं टोक बाहेर काढून 'गुलझिना' लिहिलं. मग टोचून घेतलं, हूं की चूं केलं नाही. घरी येऊन तळलेले सात बोरसोक खाल्ले आणि दंड दुखतो म्हणून दोन दिवस पाण्याची बादली उचलली नाही. संध्याकाळी टेकडीवर नेलं, तर फोनवर वहिनीला चक्क आई म्हणाली! मी दोन दिवस फुगून होते. मग वाटलं, फुगायला तरी मी आहे, कुलुइपा तर तेवढ्यालाही उरली नाही. पोरीच्या डोक्यावरचं त्या दुखण्याचं सावट पुष्कळ हटलं, याहून मला काय हवं? खरंच, हलकं हलकं वाटतंय.

थोरामोठ्यांना सलाम, लहानांचे मुके.

तुमची विहीण,
बुरुलकान

ता.क. : जिबेकने आम्हा सातजणींनाही सोडलं नाही. म्हणाली, लसीचं वय गेलं, तपासणीचं नाही. नारिनला जाऊन तपासून आले आणि तीन आठवडे कोणाला बोलले नाही. (दोन महिन्यांपासून थोडं अंगावरून लाल जात होतं. तेही कोणाला बोलले नव्हते.) काल कागद आला. तसलं काही नाही, साधी सूज आहे, औषधाने जाईल. दवाखान्याच्या पायरीवर बसून पोटभर रडले आणि मग खिमा भरून वाफवलेली दोन ताटं मांती खाल्ली. तुम्हीही जाऊन या. गुडघे सोबत न्या.

ता.क. दुसरा : ऐतुर्गानचा कागद तुम्ही चहाच्या डब्याखाली लपवून ठेवलाय. तिनेच बेगायमला कळवलं. तो काढा आणि बिश्केकला तुमच्या सुनेकडे पाठवा. तुमच्याकडे शुक्रवारी टोचणार आहेत म्हणे. एवढं पत्र त्यासाठीच लिहिलं. आणि त्या रेघेवर स्वतःचं नाव चुकूनही लिहू नका, विहीणबाई. लिहिताना काही वाटत नाही, पण खोडायची वेळ आली की दुसरं नाव मावायला जागा उरत नाही.